नववी सूचना

सत्तार,

येत्या रविवारी सकाळी मी पुन्हा त्या तलावावर होडीने जाणार आहे आणि या वेळी तू सोबत नसशील. चार दिवसांपासून मी वाऱ्याकडे पाहतो आहे. गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल किती उडतो ते पाहतो, खाली येतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा वर जातो. घरच्यांना वाटते, मित्र गेल्यामुळे यांचे चित्त ठिकाणावर नाही. ते खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. मला भीती वाटते आहे. पाण्याची भीती तर तुला माहीतच होती. तिच्याहून मोठी भीती माझ्याच अक्षरातल्या एका ओळीची आहे. ती मी दोन वर्षे लपवली आणि तू लपवू दिलीस.

तुला हे सारे ठाऊक आहे. पण हे वाचणाऱ्या इतरांना ठाऊक नाही, म्हणून क्रमाने सांगतो. मध्येच थांबवायला तू नाहीस, याची अजून सवय झालेली नाही.

उदगीरच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो. चौथीत मी इतरांच्या पाट्यांवरच्या चुका काढायचो, म्हणून तू मला ‘मास्तर’ म्हणू लागलास. मी खरोखरच मास्तर होण्याला त्यानंतर चौदा वर्षे लागली. तू सातवीनंतर वडिलांच्या शिलाई मशीनवर बसलास आणि मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावरचे ताडपत्रीचे ते दुकान तुझे झाले. मी लातूरला तीस वर्षे भूगोल आणि विज्ञान शिकवले. निवृत्त झाल्यावर महिन्यातून एकदा उदगीरला यायचे, तुझ्या दुकानात पोत्याच्या गठ्ठ्यावर बसायचे, दोन कप चहा घ्यायचा आणि एक वाद अर्धवट सोडून परतीची गाडी पकडायची, असा माझा नेम झाला.

अशाच एका वादात तू विचारलेस, “मास्तर, तीस साल झाले पोरांना शिडाचं जहाज शिकवून राहिलास. बसलास का कधी एकदा तरी?”

मी म्हणालो, “बसण्याची आवश्यकता नाही. तत्त्व समजले की पुरे.”

“हाव. आन् तत्त्व बुडालं तर?”

आजूबाजूचे हसले. मी हसलो नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही हा प्रश्न मला विचारला नव्हता, याचे मला वाईट वाटले. त्याच संध्याकाळी गाडीत मी वहीत लिहिले, ‘शीड. तलाव. हिवाळा.’ पुढच्या महिन्यात ती वही तुला दाखवली, तेव्हा तू चष्मा वर करून माझ्याकडे असे पाहिलेस, की जणू इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा अभ्यास करून आलो होतो.

तलाव आपण जवळचाच निवडला, उदगीरहून तासाभराच्या अंतरावरचा. पलीकडे बोडक्या टेकड्या, अलीकडे हरभऱ्याची शेते, आणि मधल्या पाण्यात धरण झाले तेव्हा बुडालेल्या बाभळींचे काळे बुंधे. तिथे मासे धरणाऱ्या किशनमामांची होडी एका सकाळपुरती मागून घेतली. ते आपल्याला एकटे सोडायला तयार नव्हते. तू त्यांना म्हणालास, “मामा, काळजी नका करू. मास्तरनं सगळं कागदावर पोहून घेतलंय.”

कागद खराच होता. वहीच्या एका लांब पानावर मी अकरा सूचना लिहिल्या होत्या. पहिली, निघण्यापूर्वी रुमाल धरून वाऱ्याची दिशा पाहणे. दुसरी, ट्रॅक्टरच्या दोन फुगवलेल्या ट्यूब सोबत ठेवणे. चौथी, होडीत कोणीही उभे राहू नये. सातवी, बाभळींच्या बुंध्यांपासून पन्नास हात दूर राहणे. तू प्रत्येक सूचना मोठ्याने वाचलीस आणि दुसरीवर थांबलास. “ट्यूबमध्येच बसू या की, शीड कशाला शिवायला लावतोस?”

शीड तू धुऊन धुऊन मऊ झालेल्या खाकी सुती ताडपत्रीचे शिवलेस. वरच्या कडेला डोलकाठीला टांगायचा आडवा बांबू, खालच्या दोन कोपऱ्यांना पितळी कड्या, आणि त्या कड्यांतून निघून होडीच्या दोन्ही बाजूंना बांधायचे दोर. माझ्या आकृतीपेक्षा ते देखणे झाले होते. ते दोर कसे बांधायचे, हा प्रश्न तिथे उभा राहिला.

तू म्हणालास, “सुरगाठ मारू का? एक हिसका दिला की सुटती. ट्रकवाले माल उतरवायच्या वेळी मारतेत तसली.”

मी म्हणालो, “सुटण्याची शक्यता असलेली गाठ पाण्यावर चालणार नाही. निरगाठ हवी. घट्ट, पक्की.”

“वारा लई आला तर?”

“वारा आल्यावर गाठ सुटू नये, म्हणूनच तर निरगाठ.”

तू क्षणभर दोर बोटांत फिरवलास. मग म्हणालास, “बरं. कागदावर लिहून दे.”

मी लिहून दिले. नवव्या क्रमांकाची जागा मी दोरांसाठी मोकळी ठेवली होती, तिथे लिहिले.

तुझ्या दुकानाची एक रीत होती, तीही सांगितली पाहिजे. गिऱ्हाईक ज्या चिठ्ठीवर माप आणि मागणी लिहून देई, ती चिठ्ठी तू प्लॅस्टिकच्या तुकड्यात घडी करून ताडपत्रीच्या कोपऱ्याच्या दुमडीत शिवून टाकायचास. दहा वर्षांनी कोणी म्हणाले की सत्तार, तू कमी शिवलीस, तर कोपरा उसवायचा. “कागद बोलतो, मी न्हाई,” असे तू म्हणायचास. माझी अकरा सूचनांची चिठ्ठीही तू रीतीप्रमाणे शिडाच्या उजव्या कोपऱ्यात शिवलीस. मी ते पाहिले आणि मला ते आवडले. माझे लेखन इतक्या आदराने कोणी जपून ठेवले नव्हते.

त्या सकाळचा पहिला पाऊण तास मी कोणालाही देणार नाही. वारा पाठीमागून होता. शीड फुगले आणि वल्हे न मारता होडी चालू लागली. पाण्यावरून ताडपत्रीचा तो ओळखीचा, मोंढ्यातला वास येत होता. तू मागे बसून काहीच बोलत नव्हतास, आणि हे तुझ्याबाबत इतके दुर्मीळ होते की मी दोनदा वळून पाहिले. तिसऱ्यांदा पाहिले तेव्हा तू हलक्या आवाजात म्हणालास, “मास्तर, ह्ये चालून राहिलंय रे.” तुझा चेहरा तेव्हा चौथीतल्या मुलाचा होता. तलावाच्या त्या बाजूला टेकडी पाण्यात उलटी दिसत होती आणि मी, ज्याने आयुष्यभर परावर्तन शिकवले, मला ते परावर्तन आहे हे आठवलेही नाही.

मग टेकडीच्या खिंडीतून वारा आडवा आला.

शिडाचे तत्त्व असे आहे, की आडवा झोत आला तर खालचा एक कोपरा मोकळा सोडावा. कापड फडफडते, वारा निसटतो, होडी सरळ होते. हे मी तीस वर्षे फळ्यावर काढून दाखवले होते. आणि तरीही कोपरा मोकळा करता येऊ नये, अशी लेखी सूचना मीच दिली होती. गाठ ओली होऊन दगडासारखी आवळली होती. होडी कलली, पाणी आत आले, बुंधे जवळ येऊ लागले. मी उभा राहिलो. चौथी सूचनाही मीच मोडली. तू ओरडलास, “बस! मास्तर, खाली बस!” मग कमरेची दाभण काढून तू गाठीत खुपसलीस, पिळलीस, पुन्हा खुपसलीस. दोर सुटला तेव्हा तो तुझ्या तळहातावरून गेला आणि कातडी सोलून घेऊन गेला. शीड फडफडले, कडीपाशी कोपरा फाटला, होडी सरळ झाली. पुढचा बुंधा आपल्यापासून किती अंतरावर होता, हे मी मोजले नाही. मोजण्याच्या स्थितीत मी नव्हतो.

काठावर किशनमामा आणि चार-सहा माणसे धावत आली होती. त्या सर्वांसमोर मी जे वाक्य बोललो ते असे, “याच्या गाठीने आज जीव गेला असता. ट्रकचा माल आणि माणूस यांतला फरक याला कळत नाही.”

तू रुमालाने हात गुंडाळत होतास. माझ्याकडे पाहिलेस. मग किशनमामांना म्हणालास, “हाव मामा, चुकलं आपलं. ट्रकची सवय.”

भीतीच्या भरात तोंडून एक वाक्य जाते. त्याला क्षमा असू शकते. पण ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी शुद्धीवर असताना पुन्हा सांगितले, आणि आठवड्याने पुन्हा. शिक्षकाची खोड अशी, की जी गोष्ट श्रोत्यांना आवडते तिची मांडणी तो सुधारत जातो. माझ्या तोंडी होडी अधिक कलू लागली, बुंधे अधिक जवळ येऊ लागले आणि तुझी गाठ अधिक हास्यास्पद होत गेली.

फाटलेला कोपरा नीट करायला म्हणून तू शीड दुकानात नेलेस आणि आठ दिवसांनी परत दिलेस. देताना म्हणालास, “कोपरा उसवून नवा शिवलाय. बघून घे.” मी पाहिले नाही. सरळ माळ्यावर टाकले. त्या कोपऱ्यात माझी चिठ्ठी आहे, हे मला आठवत होते, आणि आठवत होते म्हणूनच पाहिले नाही. त्यानंतर दिवाळीच्या साफसफाईत कोणी माळ्यावर चढले की मी खाली उभा राहायचो. घरच्यांना वाटायचे, मी शिडी धरतो आहे.

सर्वांत जास्त मला नांदेडचे ते जेवण छळते. माझ्या पुतणीच्या लग्नात तू आणि तुझी लेक नाझिया आला होतात. पंगतीत व्याह्यांनी होडीचे विचारले आणि मी ती गोष्ट सांगितली. सगळे हसले. नाझियाचा चेहरा उतरला. ती तुला म्हणाली, “अब्बा, आपलं पोट ह्याच्यावर हाय ना हो? गाठ तरी नीट मारायची.” तू घास हातात धरून थांबलास आणि माझ्याकडे पाहिलेस. रागाने नव्हे. एखाद्या विद्यार्थ्याला उत्तर येते आहे, हे ठाऊक असताना शिक्षक जसा थांबतो तसा थांबलास. मी वाढप्याला हाक मारली आणि तुझ्या पानात जिलेबी वाढायला सांगितली. तू म्हणालास, “बस बस, मास्तर, पोट भरलं.”

त्यानंतर मोंढ्यात ही गोष्ट माझ्याशिवायच फिरू लागली. तुझ्या दुकानात बसलो असताना एक आडत्या ताडपत्री उचलत म्हणाला, “सत्तारभाई, सुटंल ना ही? का दाभण संगं देताव?” तू हसलास. त्या दिवशी मी चहा अर्धा ठेवून उठलो.

तू मला तीनदा म्हणालास, “एकदा परत जाऊ. यंदा सुरगाठ मारू.” एकदा मी ऊन सांगितले, एकदा वारा, एकदा डोळ्याचे ऑपरेशन. ऑपरेशन खरे होते. बाकीची दोन कारणेही खोटी नव्हती, पण कारणे नव्हती. पुन्हा होडीत बसलो असतो तर तो दोर समोर आला असता आणि तू गाठ मारताना मला काही तरी बोलावेच लागले असते. मला वाटायचे, हिवाळे आणखी आहेत.

तू गेल्यावर पंधराव्या दिवशी मी दुकानात आलो. मशीनवर नाझिया होती. मी गठ्ठ्यावर बसलो. पाचच मिनिटांत एक गिऱ्हाईक आले आणि जाता जाता म्हणाले, “बाई, अब्बासारखी गाठ नको बरं का.” वाईट हेतूने नव्हे. गेलेल्या माणसाची आठवण काढावी तसे म्हणाले. त्या क्षणी मला कळले, की तू ती थट्टा सोबत घेऊन गेला नाहीस. ती दुकानातच राहिली आहे आणि आता तुझी लेक तिची वारस आहे.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “ती निरगाठ सत्तारने माझ्या सांगण्यावरून मारली होती. त्याचा विरोध होता. चूक माझी होती.”

सत्तार, पुढे जे झाले त्याची तयारी माझ्याकडे नव्हती. ते गिऱ्हाईक हात जोडून म्हणाले, “सर, मोठ्या मनाची माणसं तुम्ही.” ते गेल्यावर नाझिया डोळे पुसत म्हणाली, “मास्तरचाचा, अब्बाचं नाव ऱ्हावं म्हणून बोलून राहिलाव, कळतं मला. पण चुकलं ते चुकलं. अब्बा सोता म्हणायचे, हाव, चुकलं.”

दोन वर्षे मी खोटे सांगितले आणि लोकांनी ते खरे मानले. एकदा खरे सांगितले, तर तो माझा चांगुलपणा ठरला. मी तिला म्हणालो, “एक दाभण देतेस?” कशाला, असे तिने विचारले नाही. तुझीच दिली.

दुसऱ्या दिवशी शीड खाली काढले. खोलीचे दार लावून घेतले. सगळ्या शिडाला पांढरा दोरा होता, फक्त उजव्या कोपऱ्याला हिरवा. चिठ्ठी नसेल तर नाझिया कधीच मानणार नाही आणि असेल तर मानेल, आणि त्या क्षणी या दोन्हींपैकी मला काय हवे होते, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. टाके उसवले. प्लॅस्टिकचा तुकडा होता. आत घडी होती. माझे अक्षर होते.

पहिली सूचना, दुसरी, तिसरी. सातवी. आठवी. दहावी.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. आठव्या आणि दहाव्या ओळीच्या मध्ये एक बारीक, सरळ शिलाई होती. तू नववी ओळ कात्रीने कापून काढली होतीस आणि वरचा कागद खालच्या कागदाला मशीनवर जोडला होतास. जाड ताडपत्रीच्या सुईने इतका पातळ कागद न फाटता शिवणे किती अवघड असेल, हे मला कळते. तू त्याला बराच वेळ दिला असशील, आणि तोही हाताची जखम ओली असताना.

कागद बोलतो, असे म्हणणाऱ्याने माझ्यासाठी कागदाला गप्प केले. मी तिथेच जमिनीवर बसलो. हे तू मला वाचवण्यासाठी केलेस, की ‘बघून घे’ म्हणताना मी पाहीन आणि लाजून बोलेन असे तुला वाटले होते? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही आणि ज्याला विचारायचे तो नाही. आपले कितीतरी वाद अर्धवट राहिले. त्यांतला हा एक मला आता एकट्याने दोन्ही बाजूंनी लढावा लागतो आहे.

शीड घेऊन मी पुन्हा उदगीरला गेलो आणि तो कागद नाझियापुढे ठेवला. तिने वाचला नाही, आधी शिलाईवरून बोट फिरवले. “ही अब्बाची हाय,” ती म्हणाली. मग वाचला. आठवर थांबली. “नऊ कुठंय?”

मी सांगितले. सुरगाठीचा तुझा प्रश्न, माझे उत्तर, लिहून दिलेली ओळ, सगळे. ती बराच वेळ मशीनचे चाक हाताने पुढे-मागे करत राहिली. मग म्हणाली, “आन् दोन साल तुम्ही ऐकून राहिलाव? आमच्या म्होरं? नांदेडला मी अब्बाला बोलले, तवा बी?”

मी म्हणालो, “हो.”

एवढेच. शब्दांवर पोट भरलेला माणूस मी. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने ओरडायला हवे होते. तिने बिलबुकातून एक कोरा कागद फाडला आणि माझ्यापुढे पेन ठेवले. “लिहून द्या. चिठ्ठीबिगर आपल्या दुकानात काम होत न्हाई. जे होतं तेच लिहा. खाली सही करा.”

मी लिहिले. तिने तो कागद पट्टीसारखा कापला, तुझी शिलाई उसवली आणि नववी ओळ तिच्या जागी शिवून टाकली. तिच्याही सुईने कागद फाटला नाही. ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ती गोष्ट ऐकली, त्या सर्वांसाठी ती ओळ इथेही देतो. ते माझे अक्षर होते, माझा निर्णय होता, आणि सत्तारने त्याला हरकत घेतली होती.

‘९. शिडाच्या दोरांना निरगाठच मारावी. ती कोणत्याही परिस्थितीत सुटता कामा नये.’

शीड घडी करताना नाझिया म्हणाली, “अब्बाला परत जायचं होतं. तीनदा म्हणले मला.” मी म्हणालो, “मलाही तीनदाच.” मी निघालो तेव्हा तिने विचारले, “रविवारी?” आणि मी ऊन, वारा, डोळे यांपैकी काहीही म्हणालो नाही.

किशनमामांना निरोप गेला आहे. ट्यूबमध्ये हवा भरून ठेवली आहे. आज सकाळपासून वारा पश्चिमेकडून आहे आणि टॉवेल मला आवडत नाही इतका उडतो आहे. मला भीती वाटते आहे, सत्तार. तू असतास तर हसला असतास आणि मागे बसला असतास.

या वेळी मी सूचनांचा कागद केलेला नाही. गाठ नाझिया मारणार आहे. कोणती मारू, असे तिने मला विचारले नाही, आणि मीही सांगितलेले नाही.